वडिलांनी पूजा सोडली आहे. फॉर्मवरच्या 'आध्यात्मिक गरजा' या रकान्यात काय लिहू?

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो. वडील 71 वर्षांचे. गालाचा कर्करोग. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आणि वर्षभरात आजार पुन्हा उलटला. आता बरं करण्याचे उपचार थांबले आहेत आणि उपशामक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, सुरू करायची आहे. तिथल्या नोंदणीच्या फॉर्मवर वेदना, झोप, खाणं, पैशांची अडचण यांच्यानंतर एक रकाना आहे, 'आध्यात्मिक गरजा'. तुम्ही स्वतः देव मानत नाही. वडील मात्र आयुष्यभर पहाटे उठून पूजा करणारे, आणि गेले दोन महिने त्यांनी देवघराकडे पाहिलेलंही नाही. आई त्यामुळे खचली आहे. तुम्ही विचारता, या शब्दाला काही खरा अर्थ आहे का, की धर्म म्हणायला संकोच वाटतो म्हणून वापरलेला मोघम शब्द आहे? 'लागू नाही' लिहून मोकळं व्हावं का?

मी नागपुरात याच शाखेत डॉक्टर म्हणून बरीच वर्षं काम करतो. विदर्भातून, छिंदवाडा-बालाघाटकडून, छत्तीसगडच्या सीमेवरून रुग्ण येतात, आणि त्यांत तोंडाच्या कर्करोगाचे खूप असतात. माझं उत्तर असं: 'लागू नाही' लिहू नका. या शब्दाला अर्थ आहे, पण व्यासपीठावरून सांगतात त्यापेक्षा तो बराच लहान आहे आणि बराच नेमका आहे.

तुमचा संशय जिथे रास्त आहे ते आधी सांगतो. अध्यात्म म्हणजे शरीरावर औषधासारखी चालणारी एखादी शक्ती, हा दावा तपासला गेला आहे. 2006 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाची बायपास होणारे 1802 रुग्ण त्यात होते, आणि अनोळखी माणसं त्यांतल्या काहींसाठी प्रार्थना करत होती. प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना नक्की होत आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यापैकी 59 टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती पण ज्यांना तशी खात्री दिली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण 52 टक्के होतं. मुलासाठी हात जोडणाऱ्या आईला मी हे आकडे कधीच ऐकवत नाही. ती काही सिद्ध करायला बसलेली नसते. पण 'ऊर्जा' आणि 'कंपनं' यांनी गाठ विरघळवतो म्हणणारा कोणी तुमच्या दारात आला, तर त्याला ऐकवायला हे आकडे लक्षात ठेवा. कर्करोग बरा करतो अशी औषधाची, मंत्राची किंवा ताईताची जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हेही सांगा. आशेपोटी शेत गहाण ठेवून आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांच्याशी असं वागणाऱ्यांबद्दल माझ्या मनात जराही सहानुभूती नाही.

दुसरा पोकळपणा शास्त्रीय कागदांतही सापडतो. 'आध्यात्मिक माणसं आजारपणात अधिक शांत असतात' असे निष्कर्ष तुम्ही वाचले असतील. त्यांतल्या काही प्रश्नावल्या उघडून पाहा. अध्यात्म मोजणाऱ्या प्रश्नांतच 'मला मनात शांत वाटतं', 'माझ्या जगण्याला अर्थ आहे' अशी विधानं असतात. जो शांत आहे त्याला आध्यात्मिक म्हणायचं, आणि मग आध्यात्मिक माणूस शांत असतो असा शोध लावायचा. ही चूक 2008 मध्ये दाखवून दिली ती हॅरल्ड कोनिग यांनी, जे स्वतः धर्म आणि आरोग्य यांच्या संबंधांवर आयुष्यभर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचीही अडचण काहीशी अशीच झाली. 1948 पासूनच्या तिच्या आरोग्याच्या व्याख्येत शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशी तीन अंगं आहेत. 1998 मध्ये त्यांत 'आध्यात्मिक' हे चौथं घालावं असा प्रस्ताव आला. तो अजूनही त्या व्याख्येत नाही.

पण त्याच संघटनेने 2002 मध्ये उपशामक सेवेची व्याख्या केली तेव्हा शारीरिक आणि मनोसामाजिक त्रासाच्या बरोबरीने आध्यात्मिक त्रास हे शब्द तिच्यात आले. निरोगी माणसाच्या संदर्भात हा शब्द पसरट होतो. मरणाच्या वाटेवरच्या माणसापाशी त्याला धार येते, कारण तिथे तो एका विशिष्ट त्रासाचं नाव असतो.

हे पहिल्यांदा नीट मांडलं सिसिली सॉन्डर्स यांनी. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि मग डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. कर्करोगाच्या रुग्णाला विचारलं की कुठे दुखतं, तर तो पाठीपासून सुरुवात करतो आणि बोलता बोलता घरापर्यंत, पैशापर्यंत, 'माझ्याच वाट्याला का' इथपर्यंत पोहोचतो, हे त्यांनी ऐकलं. या सगळ्याला त्यांनी 'समग्र वेदना' म्हटलं, आणि तिचे चार धागे सांगितले: शारीरिक, मानसिक, सामाजिक, आध्यात्मिक. महत्त्वाचं असं की हे चार धागे एकमेकांत गुंतलेले असले, तरी त्यांचे इलाज वेगळे आहेत. मॉर्फिनने हाडातली कळ थांबते. भावाशी दहा वर्षं अबोला असल्याची कळ थांबत नाही. एखाद्या शब्दाला अर्थ आहे की नाही हे मी एका गोष्टीवरून ठरवतो: तो वापरल्याने मी रुग्णासाठी काही वेगळं करतो का? या शब्दामुळे करतो.

आता तुमच्या वडिलांकडे येऊ. त्यांनी पूजा सोडली, म्हणजे श्रद्धा उडाली असं आई धरून चालली आहे. मी ते इतक्या लवकर मानणार नाही. माझ्या अनुभवात यामागे तीन प्रकारची कारणं असतात, आणि ती याच क्रमाने तपासावी लागतात.

पहिलं कारण शरीर. गालाची जखम उघडी असेल तर तिला वास येतो. रुग्णाला तो सगळ्यांत आधी कळतो आणि तो कोणाला सांगत नाही. 'अंगाले वास येते, देवाजवळ कसा बसू?' हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता विचारायचीही वाट पाहत नाही. जखम स्वच्छ धुऊन तिच्यावर मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड टाकली की बऱ्याच रुग्णांत काही दिवसांतच वास खूप कमी होतो. हे आमच्या नर्स घरच्यांना शिकवतात. तोंडातून सतत लाळ गळत असेल, मांडी घालून बसता येत नसेल, सोवळ्यात आंघोळ करण्याइतकं बळ नसेल, तर ज्याने चाळीस वर्षं सगळं रीतसर केलं तो माणूस अर्धवट करण्यापेक्षा सोडून देतो. मोमिनपुऱ्यातल्या एका रुग्णाने पोटावरची शौचाची पिशवी बसवल्यापासून नमाज बंद केली होती. वजू, म्हणजे नमाजाआधीची शुद्धी, टिकत नाही म्हणून. मौलाना घरी आले, आजारी माणसाला धर्मात सवलत आहे हे त्यांनी समजावलं, आम्ही पिशवीची गळती थांबवली, आणि तो पलंगावर बसून नमाज पढू लागला. त्याची श्रद्धा कुठेही गेली नव्हती.

वेदनेचंही तेच. ज्याला रात्रभर ठणका लागतो त्याला जगण्याच्या अर्थाबद्दल विचारणं क्रूर आहे. आधी ठणका थांबवायचा. मॉर्फिनबद्दल आपल्याकडे भीती खोल आहे. 'मॉर्फिन चालू झालं म्हणजे आता संपलं' असं नातेवाईक म्हणतात, आणि 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर कितीतरी वर्षं ते मिळणंही कठीण होतं. 2014 च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. तोंडाने, घड्याळ लावून, ठरलेल्या वेळी दिलेलं मॉर्फिन माणसाला संपवत नाही. सोबत पोट साफ राहण्याचं औषध मात्र पहिल्या दिवसापासून हवं. वेदना आटोक्यात नसेल तर त्या रकान्यात काहीही लिहिण्याची घाई करू नका.

दुसरं कारण नैराश्य. झोप आणि भूक यांवरून ते ओळखू नका, कारण ती दोन्ही कर्करोगाने तशीही जातात. मी हे पाहतो: नात खोलीत आली तर चेहरा क्षणभर तरी उजळतो का? आवडीच्या माणसाशी, आवडीच्या विषयावर दोन वाक्यं तरी होतात का? देवघर सुटलं तसं वर्तमानपत्र, क्रिकेट, नातवंडं सगळंच सुटलं असेल, सारखं 'मी भार झालो, मला संपवा' चालू असेल, तर ते नैराश्य असण्याची शक्यता मोठी आहे. त्यावर औषध आहे, समुपदेशन आहे. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून उशीर करू नये. इथे 'नामस्मरण करा' म्हणणं म्हणजे उपचार नाकारणं आहे.

शरीर सावरलं, नैराश्य नाही किंवा त्यावर उपचार सुरू आहेत, आणि तरीही काहीतरी सलत राहतं, तेव्हा तिसरं कारण समोर येतं. त्या सलण्याला माझ्या शाखेत आध्यात्मिक वेदना म्हणतात. ती ऐकायला येते ती साध्या वाक्यांत. 'म्या कोनाचं काय वाकडं केलं होतं?' 'एवढी सेवा केली, त्याचं हे फळ?' 'मी गेल्यावर माझं नाव कोण काढेल?' यांतला कोणताच प्रश्न माहितीचा नाही. उत्तर देऊन तो सुटत नाही. ज्या धाग्याने माणसाने आपलं सगळं आयुष्य एकत्र बांधलेलं असतं तो धागा तुटला आहे, असं तो सांगत असतो. कोणाचा धागा देव असतो, कोणाचा जमीन, कोणाचा चळवळ, कोणाचा मुलांचं शिक्षण.

म्हणून 'तुमच्या बाबतीत तो धागा कोणता?' हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि नागपुरात तर अंदाज बांधणं धोक्याचंच. एका आजींपाशी एक सेवाभावी स्वयंसेविका आली आणि तिने मोबाइलवर भजन लावलं. आजींनी हाताने खूण करून ते बंद करायला लावलं. लहानपणी, 14 ऑक्टोबर 1956 ला, त्या वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. बाबासाहेबांनी त्या दिवशी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. आजींना काळजी एवढीच होती की आपल्या मागे कोणाच्या तरी दबावाने घरचे ते करतील. मुलांनी त्यांच्यासमोर तसं न करण्याचा शब्द दिला, एका संध्याकाळी सगळे जमले, त्रिशरण-पंचशील झालं, आणि आजी म्हणाल्या, 'आता मले काही नोको.' बौद्ध विचारात नित्य आत्मा नाही. बाबासाहेबांनी मांडलेल्या धम्मात देव नाही, आणि केंद्रस्थानी आहे ते माणसाचं माणसाशी नातं. अध्यात्म म्हणजे आत्म्याचा विषय असा हट्ट धरला, तर या आजींच्या फॉर्मवर 'लागू नाही' लिहावं लागलं असतं. प्रत्यक्षात त्यांची गरज त्या दिवशीच्या वॉर्डात सगळ्यांत स्पष्ट होती.

'मी धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे' हे वाक्य शहरात हल्ली खूप ऐकू येतं. ते म्हणणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, पण त्यातून एक गैरसमज पसरतो की कर्मकांड खालच्या दर्जाचं आणि अध्यात्म वरच्या. वॉर्डात ही उतरंड टिकत नाही. गजानन महाराजांच्या पोथीच्या पारायणाचे अध्याय अर्धवट राहिले म्हणून बेचैन असलेली बाई 'बाह्य उपचारात' अडकलेली नसते. ते पारायण तिने मुलाच्या नोकरीसाठी बोललेलं असतं, आणि ते अपुरं सोडून जाणं म्हणजे मुलाला दिलेलं वचन मोडणं, असं तिला वाटतं. आम्ही गोळ्यांच्या वेळा अशा बसवल्या की सकाळचे दोन तास तिला गुंगी राहणार नाही. बाकीचे अध्याय नवऱ्याने शेजारी बसून वाचले.

आपल्या भागातल्या तोंडाच्या कर्करोगात आणखी एक गोष्ट जवळजवळ नेहमी असते, म्हणून तुमच्या वडिलांच्या बाबतीतही सांभाळून पाहा: खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला तो खर्रा त्यांनी खाल्ला असेल, तर 'हे मीच ओढवून घेतलं' हे ओझं त्यांच्यावर आहे. अशा वेळी नातेवाईक दोन टोकं गाठतात. एक म्हणतो, 'कर्माची फळं आहेत, भोगायलाच हवीत.' दुसरा म्हणतो, 'छे, तुमचा काहीच दोष नाही.' पहिलं वाक्य निर्दय आहे, आणि मला राग येतो तो ते धडधाकट माणसाने अध्यात्माच्या नावाने उच्चारल्यावर. दुसरं वाक्य प्रेमाचं आहे, पण रुग्णाला ते खोटं वाटतं आणि तो गप्प होतो. भंडाऱ्याकडचा एक शेतकरी होता, जबडा काढल्यामुळे बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहून बोलायचा. वेदना आटोक्यात असूनही रात्रभर बेल वाजवायचा. एकदा त्याने लिहिलं, 'पोरगा बी खाते.' पुढच्या आठवड्यात लिहिलं ते धाकट्या भावाचं नाव. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादावरून दोघांचं बोलणं बंद होतं. आमच्या समाजसेविकेने भावाला फोन केला, तो आला. मुलाने वडिलांसमोर खिशातली पुडी काढून टाकली; पुढे त्याचा खर्रा सुटला की नाही ते मला ठाऊक नाही. मॉर्फिनचा डोस होता तेवढाच राहिला. रात्रीची बेल थांबली. यात देवाचं नाव एकदाही आलं नाही, तरी आमच्या नोंदवहीत हे काम 'आध्यात्मिक' या सदरातच लिहिलेलं आहे, आणि ते तिथेच योग्य आहे असं मला वाटतं.

तुम्ही देव मानत नाही म्हणून हे काम तुम्हाला जमणार नाही असं समजू नका. वडिलांपाशी बसून श्रद्धेचं नाटक करायची गरज नाही. ते त्यांना लगेच ओळखू येईल. जखमेची काळजी आणि वेदना यांची व्यवस्था झाली, की एका शांत दुपारी, आई आणि पाहुणे नसताना, विचारा, 'बाबा, हल्ली सगळ्यांत जड काय वाटतं?' मग थांबा. ते रडले तर रडू द्या, पाणी आणायला उठू नका. 'देवाने असं का केलं' म्हणाले तर देवाची बाजू घेऊ नका आणि 'देव नसतोच' हेही सांगू नका. 'फार सेवा केली होती तुम्ही' एवढं म्हणालात तरी पुढचं ते स्वतः बोलतील. देवावर रागावलेल्या माणसाचं देवाशी नातं अजून तुटलेलं नसतं, हे आईलाही समजावून सांगा. पूजा त्यांनी पुन्हा सुरू करावी असा आग्रह तिने धरू नये. दिवा तिने लावावा, आपल्यासाठी. तिची गरज वेगळी आहे आणि फॉर्मवर नसली तरी तीही टीमला सांगा.

रकान्यात असं लिहा: 'आयुष्यभर रोज पूजा करत होते, दोन महिन्यांपासून बंद. कारण माहीत नाही. कृपया विचारावं, पण आमच्यासमोर नको.' यावरून अनुभवी नर्सला किंवा समाजसेवकाला नेमकं कुठून सुरुवात करायची ते कळेल. आणि पहिल्या भेटीतच दोन गोष्टी मागून घ्या: जखमेच्या वासावर पूड कशी टाकायची याचं प्रात्यक्षिक, आणि ठरलेल्या डोसांच्या मध्येच कळ उठली तर द्यायचा जादा डोस किती, हे लेखी.